तारीख उलटली, आता खायचे की टाकायचे?

प्रतिनिधी, मुंबई

दह्याच्या डब्यावरची तारीख काल उलटली. कपाटातल्या रव्याच्या न फोडलेल्या पाकिटाची मुदत मागच्या आठवड्यातच संपली. दुपारपासून ओट्यावर असलेल्या भाताला मात्र कसलाच वास येत नाही. यांपैकी काय टाकून द्यावे आणि काय खावे? बहुतेक घरांत या प्रश्नाचा निकाल सवयीने लावला जातो. काही जण तारीख उलटताच पदार्थ कचऱ्यात टाकतात, तर काही जण तारखेकडे न पाहता नाकावर भरवसा ठेवतात. पहिल्या सवयीत चांगले अन्न वाया जाते आणि दुसऱ्या सवयीत कधीतरी दवाखाना गाठावा लागतो. वरच्या तीन पदार्थांपैकी सर्वाधिक धोका ज्याच्यावर कोणतीच तारीख छापलेली नाही त्या भातात आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

पाकिटावरची तारीख नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेतले तर दोन्ही चुका टाळता येतात.

दोन तारखा, दोन अर्थ

भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर काय छापावे, हे 'भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण' अर्थात 'एफएसएसएआय' ठरवते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 मध्ये संमत झाला आणि ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्यापूर्वी 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा अंमल होता. लेबलविषयीचे सध्याचे नियम 2020 चे आहेत.

या नियमांत दोन प्रकारच्या तारखांची व्याख्या आहे. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख होय. सांगितलेल्या पद्धतीने साठवल्यास त्या दिवसापर्यंत पदार्थाची चव, रंग, वास, कुरकुरीतपणा हे गुण कायम राहतील, एवढेच ती सांगते. त्यानंतरही पदार्थ खाण्यास सुरक्षित असू शकतो, मात्र त्याचा दर्जा उतरलेला असू शकतो, असे व्याख्येतच नमूद आहे. 'युज बाय' किंवा 'एक्स्पायरी' या तारखेचा अर्थ अधिक कडक आहे. त्या दिवसानंतर पदार्थात अपेक्षित दर्जा आणि सुरक्षितता बहुधा उरणार नाही, असा तिचा अर्थ असून त्यानंतर तो पदार्थ विकण्यास मनाई आहे.

पूर्वी अनेक पाकिटांवर केवळ 'बेस्ट बिफोर' असे. 2020 च्या नियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' अथवा 'युज बाय' तारीख छापणे बंधनकारक केले. 'बेस्ट बिफोर' ही ऐच्छिक, जादा माहिती ठरली. ग्राहकाला स्पष्ट अंतिम तारीख मिळाली, हा या बदलाचा फायदा. मात्र त्यामुळे बिस्किटे आणि पनीर एकाच पंक्तीला बसले. दोन्हींवर 'एक्स्पायरी' हाच शब्द असतो; पण मुदत उलटलेली बिस्किटे बहुधा नरम पडतात, तर मुदत उलटलेले पनीर आजारी पाडू शकते. हा फरक आता लेबल सांगत नाही. तो पदार्थाच्या स्वभावावरून ग्राहकालाच ओळखावा लागतो.

काही पदार्थांना अंतिम तारखेच्या सक्तीतून सूट आहे. न चिरलेली ताजी फळे व भाज्या, व्हिनेगर, घनरूप साखर, तसेच 10 टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेली मद्ये यांचा त्यात समावेश होतो. यातल्या फळाभाज्यांची अवस्था डोळ्यांना दिसते आणि उरलेल्या पदार्थांत जीवाणूंना वाढायला वावच नसतो.

तारीख ठरते कशी?

ही तारीख सरकार ठरवून देते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थांची टिकण्याची मुदत उत्पादक चाचण्या घेऊन ठरवतो. पदार्थ ठरावीक तापमानात ठेवून दर काही दिवसांनी त्यातील जीवाणूंची संख्या, आम्लता, ओलावा, चव आणि वास तपासला जातो. सहा महिने किंवा वर्षभर टिकणाऱ्या पदार्थांसाठी तेवढी वाट पाहणे परवडत नाही. अशा वेळी पदार्थ मुद्दाम जास्त उष्णतेत व दमटपणात ठेवून त्याचा ऱ्हास लवकर घडवून आणतात आणि त्यावरून नेहमीच्या तापमानातील मुदतीचा अंदाज बांधतात. तापमान 10 अंशांनी वाढले की ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा त्यासाठी वापरला जाणारा ढोबळ ठोकताळा आहे. निघालेल्या मुदतीतून काही दिवस सुरक्षिततेसाठी वजा करून तारीख छापली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तारीख हा अंदाज आहे. त्या रात्री बाराच्या ठोक्याला पदार्थात काही एकाएकी घडत नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की तो अंदाज 'सांगितलेल्या पद्धतीने साठवल्यास' या अटीवर उभा आहे. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' किंवा 'फ्रिजमध्ये ठेवा' या तारखेजवळच्या बारीक ओळी म्हणजे त्या तारखेच्या अटी होत. मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात तासन्‌तास पडून राहिलेल्या दुधाच्या क्रेटला पिशवीवरची तारीख लागू पडत नाही. दुपारी बंद करून ठेवलेल्या दुकानातील फ्रिजमधल्या श्रीखंडाचेही तेच.

पाकीट फोडले, की तारीख संपली

छापील तारीख बंद पाकिटाची असते. पाकीट फोडताच हवा, ओलावा, हात आणि चमचा यांच्यामार्फत जीवाणू आत शिरतात आणि नवी मुदत सुरू होते. टेट्रापॅकमधील दूध हे याचे ठळक उदाहरण. हे दूध 135 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेले असते. म्हणून ते बंद असताना फ्रिजबाहेरही काही महिने टिकते. एकदा कोपरा कापला, की मात्र ते साध्या दुधासारखेच नाशवंत होते. ते फ्रिजमध्ये ठेवून लेबलवर सांगितलेल्या दोन-चार दिवसांत संपवायला हवे. पाकिटावर सहा महिन्यांची तारीख आहे म्हणून उघडलेला खोका आठवडाभर दारात ठेवणे चुकीचे आहे.

पिशवीतील नेहमीचे दूध पाश्चराइज केलेले असते. त्यासाठी ते साधारण 72 अंशांना 15 सेकंद तापवतात. त्यात रोगकारक जीवाणू मरतात, पण दूध नासवणारे काही जीवाणू उरतात. म्हणूनच ते सतत थंड ठेवावे लागते. सॉस, जॅम, मेयोनीज, फळांचे रस यांच्या बाटल्यांवरही 'उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा व इतक्या दिवसांत वापरा' अशी सूचना असते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवली, तर घरातल्या सर्वांनाच ती कळते.

नाकावर किती विसंबावे?

'वास येत नाही, म्हणजे चांगले आहे' हा स्वयंपाकघरातला सर्वांत जुना निकष. तो निम्माच खरा आहे. अन्न नासवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्मजीव अनेकदा वेगवेगळे असतात. पहिल्या प्रकारामुळे भाजी उतरते, डाळ फसफसते, आमटीला आंबूस वास सुटतो, चिकट तार येते. या खुणा नाकाला आणि डोळ्यांना कळतात. साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे रोगकारक जीवाणू अन्नात वाढले, तरी चव, रंग वा वास बदलेलच असे नाही. त्यामुळे वास आला तर अन्न टाकून द्यावे, हे बरोबर. पण वास आला नाही म्हणून ते सुरक्षित आहे, हा निष्कर्ष निघत नाही.

लिस्टेरियाचे वैशिष्ट्य असे, की तो फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो. गरोदर स्त्रिया, नवजात बालके, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी तो घातक ठरू शकतो. अशा व्यक्ती घरात असतील तर नाशवंत पदार्थांची 'युज बाय' तारीख काटेकोरपणे पाळावी. तान्ह्या मुलांच्या दूध पावडरीबाबतही सवलत घेऊ नये. मुदतीनंतर तिच्यातील काही जीवनसत्त्वांचे प्रमाण लेबलवर लिहिल्याइतके राहत नाही आणि बाळाचे पोषण त्यावरच अवलंबून असते.

शिळा भात आणि फोडणी

उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे, ही मराठी घरातील जुनी आणि शहाणी काटकसर आहे. प्रश्न आहे तो रात्री भात कुठे होता, याचा.

तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी हे बीजाणू मरत नाहीत. शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला, की त्यातून जीवाणू तयार होऊन वाढू लागतात आणि काही जातींचे जीवाणू भातातच विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे सकाळी दिलेल्या खमंग फोडणीने जीवाणू मेले तरी विष कायम राहते आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. हाताला जखम असताना मळलेल्या किंवा हाताळलेल्या अन्नातून येणारा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जीवाणूही असेच उष्णतेला न जुमानणारे विष तयार करतो. 'पुन्हा उकळले की सगळे ठीक होते', ही समजूत या दोन्हींच्या बाबतीत खोटी ठरते.

उपाय सोपा आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा जीवाणूंच्या वाढीला पोषक मानला जातो. शिजवलेले अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. रात्रीचा उरलेला भात जेवणानंतर लगेच पसरट भांड्यात काढून, वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम केला, तर फोडणीचा भात निर्धास्त खाता येतो. ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताबाबत, विशेषतः उन्हाळ्यात, ती खात्री देता येत नाही.

कोणता पदार्थ, कोणती कसोटी?

जीवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. पदार्थ जितका कोरडा, खारट, गोड किंवा आंबट, तितका तो टिकाऊ. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तर पाकिटावरच्या तारखेला किती वजन द्यायचे, हे ठरवता येते.

पनीर, खवा, मासे, मटण, चिकन, चिरलेली फळे, ताजे रस आणि क्रीमचे केक हे ओलसर व पोषक पदार्थ पहिल्या गटात येतात. यांची तारीख उलटली तर चव घेऊनही पाहू नये. मोड आलेली कडधान्येही याच गटातली. मटकीला मोड आणणारी ऊब आणि ओल जीवाणूंनाही मानवते, म्हणून ती लवकर वापरावीत आणि शक्यतो शिजवून खावीत.

दही, ताक आणि इडलीचे पीठ हे आंबवलेले पदार्थ. त्यांतील आम्लामुळे बऱ्याच रोगकारक जीवाणूंची वाढ रोखली जाते. सतत फ्रिजमध्ये असलेले बंद डब्यातील दही तारखेनंतर बहुधा अधिक आंबट होते. वर बुरशी, रंगीत ठिपके किंवा उग्र वास असेल, झाकण फुगले असेल, तर मात्र ते टाकून द्यावे. आपोआप नासलेल्या दुधाचे पनीर करण्याची सवयही टाळलेली बरी. चांगले दूध लिंबू पिळून फाडणे वेगळे. आपोआप नासलेल्या दुधात कोणते जीवाणू वाढले आहेत, हे घरी कळत नाही.

रवा, डाळी, पोहे, पापड, बिस्किटे हे कोरडे पदार्थ. बंद आणि कोरडे राहिले असतील तर तारखेनंतर यांचा दर्जा घसरतो, पण ते लगेच घातक होत नाहीत. जाळी, किडे, ओलसर गोळे किंवा कुबट वास या यांच्या खराब होण्याच्या खुणा. तेल, तूप आणि शेंगदाण्याचा कूट यांना हवा आणि उजेड लागून खवटपणा येतो. खवट पदार्थ खाण्यात शहाणपण नाही, कारण तो स्निग्धांशाच्या ऱ्हासाची खूण आहे.

लोणच्याला मीठ, आंबटपणा आणि तेल तारून नेतात. बरणीत ओला चमचा घालू नये, हा आजीचा दंडक शास्त्राला धरूनच आहे. पाण्याच्या थेंबाबरोबर बुरशीला जागा मिळते.

बुरशीबाबत विशेष सावधगिरी हवी. पावाच्या एका कोपऱ्यावर हिरवा डाग दिसत असला, तरी तिचे तंतू मऊ पदार्थात खोलवर पसरलेले असतात. तेवढा भाग काढून उरलेला पाव खाणे योग्य नाही. शेंगदाणे आणि मका यांवर वाढणारी 'अस्परजिलस' ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि भाजण्या-शिजवण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत असा बुरशीयुक्त मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. काळे पडलेले, बुरसटलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे कुटात घालू नयेत, ते याच कारणासाठी.

अंडे पाण्यात तरंगते की बुडते, ही घरोघरची परीक्षा त्याचे वय सांगते. अंडे जुने होताना आतील हवेची पोकळी वाढते, म्हणून ते तरंगते. आत साल्मोनेला आहे की नाही, हे मात्र या परीक्षेतून कळत नाही. त्यासाठी अंडे पूर्ण शिजवणे हाच उपाय. डबाबंद पदार्थाचा डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला असेल, तर तारीख कितीही पुढची असली तरी तो उघडू नये. 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जीवाणूचे विष अत्यल्प प्रमाणातही जीवघेणे असते.

सुट्या मिठाईची मुदत

मिठाईच्या दुकानातील परातीवर तारीख नसे. 'एफएसएसएआय'ने 2020 मध्ये आदेश काढून 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईसमोर 'बेस्ट बिफोर' तारीख लावण्यास दुकानदारांना सांगितले. प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारखे पदार्थ 2 दिवसांत, तर खव्याची मिठाई साधारण 4 दिवसांत संपवावी. बेसनाच्या लाडवासारखे कोरडे, तुपात भाजलेले पदार्थ महिनाभर चालतात. दिवाळीत भेट आलेल्या खोक्यांचा क्रम लावताना एवढी माहिती पुरेशी आहे: खवा आधी, लाडू नंतर.

फ्रिज म्हणजे तिजोरी नव्हे

फ्रिजमध्ये जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. त्यासाठी आतील तापमान 5 अंशांच्या खाली हवे. खचाखच भरलेल्या फ्रिजमध्ये हवा खेळत नाही. दाराच्या कप्प्यात तापमान सर्वांत अस्थिर असते. दुधाची पिशवी आणि अंडी तेथे ठेवण्याऐवजी आतल्या फळीवर ठेवावीत. कच्चे मांस-मासे झाकून सर्वांत खाली ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी इतर अन्नावर गळत नाही. वीज गेल्यास दार बंद ठेवावे. बंद फ्रिज साधारण 4 तास थंडावा धरून ठेवतो. त्यानंतर दूध, मांस आणि शिजवलेले अन्न यांचा विचार करावा लागतो. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये जीवाणूंची वाढ थांबते, पण बाहेर काढून पदार्थ वितळताच ती पुन्हा सुरू होते.

विक्रेत्याची जबाबदारी

घरात तारखेबाबत तारतम्य चालते, दुकानात नाही. 2006 च्या कायद्याच्या कलम 27 नुसार मुदतबाह्य पदार्थ विकल्यास विक्रेता जबाबदार ठरतो. 'एकच दिवस झाला, घेऊन जा, काही होत नाही' या शब्दांना कायद्यात जागा नाही. घरपोच किराणा मागवणाऱ्यांची संख्या वाढल्यानंतर, माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याची किमान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, असे 'एफएसएसएआय'ने नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले. मुदतबाह्य माल पुन्हा बाजारात येऊ नये, यासाठी डिसेंबर 2024 मध्ये उत्पादक आणि आयातदारांना अशा मालाची तिमाही माहिती देण्याचेही निर्देश देण्यात आले.

परदेशी चॉकलेट किंवा चीज घेताना आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यामुळे 05/08 ही तारीख 5 ऑगस्ट नसून 8 मे असू शकते. आयातदाराने लावलेल्या स्टिकरवरची तारीख मूळ तारखेशी ताडून पाहावी.

तारीख खोडलेली, पुसट, दोनदा छापलेली किंवा स्टिकरखाली दडवलेली आढळली, तर तो माल घेऊ नये. अशा वेळी पाकीट, त्यावरील बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवावे. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, 'एफएसएसएआय'च्या 1800-112-100 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते.

दोन्ही बाजूंचा तोल

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की भारतीय घरांत दरवर्षी माणशी सुमारे 55 किलो अन्न वाया जाते. त्यातील काही वाटा केवळ तारखेच्या धास्तीने टाकला जात असणार. दुसरीकडे, अन्नातून होणाऱ्या विषबाधेची झळ लहान मुलांना आणि वृद्धांना सर्वाधिक बसते. म्हणून पदार्थ टाकण्यापूर्वी किंवा खाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पदार्थ ओला आहे की कोरडा? पाकीट बंद होते की उघडे? तो आतापर्यंत किती थंड ठेवला गेला? आणि तो कोण खाणार आहे? ओला, उघडा, बाहेर राहिलेला किंवा लहान मुलाच्या ताटात जाणारा पदार्थ असेल, तर शंका येताच टाकून द्यावा. कोरडा, बंद आणि नीट साठवलेला असेल, तर तारखेच्या दुसऱ्याच दिवशी त्याला कचऱ्याची वाट दाखवण्याचे कारण नाही.